कानवाल्या मिस्त्रींना न सापडलेली किटकिट

गल्लीत त्यांना सगळे कानवाले मिस्त्री म्हणत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावली, की मोटारसायकलचं दुखणं सांगून मोकळे. बावीस वर्षांत आपण एकदाही चुकलो नाही, असं ते स्वतःच सांगत. पण ते बरंचसं खरंही होतं. तक्रार फक्त बायकोबद्दल. वर्षभर झालं, ती उठसूट अंगावर ओरडते, हे येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकावं लागे.

पोस्टमनच्या गाडीची इंजिनातली टायमिंग चेन सैल होऊन खडखडत होती. मिस्त्रींनी नवी टाकली. दोन दिवसांत पोस्टमन परत आला. खडखड गेली, पण बारीक किटकिट राहिलीय म्हणाला. मिस्त्रींना इंजिन अगदी शहाण्यासारखं चालताना ऐकू येत होतं. तरी त्याचं मन राखायला त्यांनी टॅपेट पाहिले, ऑइल बदललं. तो पुन्हा आला. मग इंजिन खोलून चेन नेमक्या खुणांवर बसलीय का, ते तपासलं. सगळं जिथल्या तिथे.

तो तिसऱ्यांदा दारात उभा राहिला, तेव्हा ही किटकिट याच्या डोक्यातच असणार, असं मिस्त्रींना वाटलं. पण माणूस साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो खोटं कशाला बोलेल? आणि खरं बोलत असेल, तर आपल्याला का ऐकू येत नाही? मिस्त्री पुरते चक्रावले. मनातून घाबरलेही. कानच गेला, तर आपल्याला विचारणार कोण?

गॅरेजमागेच घर. बायको हात पुसत बाहेर आली आणि तिने विचारलं, चेन बदललीत, पण ती ताणून धरणारा टेन्शनर? तो जुनाच होता. वाजत नाही, मग कशाला बदलायचा, असा मिस्त्रींचा हिशेब. तिने स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हातातून घेतला, सिलिंडरच्या मागच्या बाजूला टेकवला, कान लावला.

"इथे वाजतंय," ती म्हणाली. "मला आत भांडी घासताना ऐकू येतं."

टेन्शनर नवा बसला. गाडी चालू झाली आणि पोस्टमनचा चेहरा खुलला. तो वहिनींचे आभार मानून गेला.  मिस्त्रींना मात्र आधीच्या आणि आताच्या आवाजात काडीचा फरक कळला नव्हता.

त्यांनी फडक्याने हात पुसले. मग विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"वर्ष झालं. नाहीतर मला ओरडायची हौस आहे का?"

"मग सांगायचंस ना."

ती त्यांच्याजवळ सरकली, उजव्या कानाशी वाकली आणि नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाली, "सांगितलं होतं. तीनदा. तुम्ही म्हणालात, उगाच भांडू नकोस."