दुपारच्या हवेचा मॅप

आमच्याकडे मे महिन्यात बाहेरची कामं सकाळी नवाच्या आत उरकतात. भाजी, बँक, दवाखाना, सगळं. त्यानंतर रस्त्यावर तोच दिसतो ज्याला इलाज नाही. अमरावतीत पाण्याच्या मोटारी रिवाइंड करण्याचं माझं वर्कशॉप आहे. शटर आठला उघडतं, त्यामुळे गाडीचं काम मी पहाटे साडेपाच ते साडेसात या वेळात करायचे. यात काही चुकत असेल असं मला एकदाही वाटलं नाही.

गाडी छोटी, जुनी, पेट्रोलची. ते मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली. तिला मी भंगारातल्या एका डिझेल गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, बसवला. मूळ कॉम्प्युटरला टर्बो कळत नाही, म्हणून तो काढून दुसरा घातला, ज्यात लॅपटॉप जोडून तक्त्यांमध्ये आपले आकडे आपणच भरायचे असतात. हे सगळे तक्ते मिळून होतो मॅप. एका तक्त्यात पेट्रोल किती द्यायचं ते, दुसऱ्यात ठिणगी किती आधी टाकायची ते. पिस्टन वर पोचायला इंजिनाच्या फेऱ्याचे काही अंश बाकी असताना ठिणगी पडते. ती आणखी आधी टाकली तर एका मर्यादेपर्यंत जोर वाढतो. मर्यादा ओलांडली की पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आपलं आपणच भडकतं आणि पिस्टनवर घाव बसतात. त्यालाच नॉकिंग म्हणतात.

हे काम करून देणारी व्यावसायिक माणसं असतात, हे मला माहीत होतं. पण माझ्या वर्कशॉपात रोज अशा मोटारी येतात ज्या आधी कुणीतरी ‘व्यावसायिक’ माणसाने बिघडवलेल्या असतात. त्यामुळे मी पुस्तिका वाचल्या, व्हिडिओ पाहिले आणि वलगावच्या रस्त्यावर चार महिने पहाटे गाडी पळवून तक्ते भरले. बँकेत नोकरी करणारा नवरा दारात ब्रश करत विचारायचा, “गाडी चालते नं? मंग अजून काय कोरून राहिली तिच्यात?”

गाडी चालत होती. उत्तम चालत होती.

मग एप्रिलमध्ये अकोल्याला भाच्याचं लग्न निघालं. परत येताना दुपारचे तीन वाजले होते. मूर्तिजापूरच्या पुढे एका ट्रकला ओलांडायला मी ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. बॉनेटखालून काहीतरी तडतडलं, जोर गेला आणि मागे निळा धूर. पैठणी खोचून मी बॉनेट उघडलं. एक ट्रॅक्टरवाला थांबून म्हणाला, “ताई, नवरीची गाडी हाये का?” नवरा हसला. मला हसू आलं नाही. घरी आणून इंजिन उघडलं तर एका पिस्टनची कड वितळून गेली होती.

दुसरं इंजिन शोधायला दीड महिना गेला. शेवटी अकोल्याच्या एका भंगारवाल्याकडे मिळालं. तो म्हणाला, “घेऊन टाका. असं इंजिन आता वऱ्हाडात भेटनार नायी. आखरी पीस हाये.” नवऱ्याने तिथेच माझ्याकडून कबूल करून घेतलं. “हेबी गेलं तर गाडी याच भाऊले द्यायची. तोडायले. कबूल?” मी कबूल म्हणाले. त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

इंजिन बसवलं, तरी मला पाय दाबवेना. पहिलं कशामुळे गेलं तेच कळलं नव्हतं. पेट्रोलचे आकडे दहा वेळा तपासले, बरोबर होते. ज्या चुकीचं कारण माहीत नाही ती मी पुन्हा करणार, एवढं मला कळत होतं. भंगारवाल्याने एका माणसाचं दुकान सांगितलं होतं. एके दिवशी सकाळी मी गाडी हळूहळू चालवत अकोल्याला गेले.

मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात, गल्लीच्या तोंडाशी, डिझेल पंप दुरुस्तीचं दुकान. माणूस साठीच्या आसपासचा, चष्मा दोऱ्याने बांधलेला. टेबलावर उघडे पंप आणि त्यांच्यामध्ये एक लॅपटॉप. मी म्हटलं, “भाऊ, मॅप तपासून द्या. लग्नाहून येताना पहिलं इंजिन गेलं, चूक सापडून नाही राहिली.”

“पहिले तुमी काय केलं ते पाहू द्या.”

गाडी चालताना कॉम्प्युटर नोंदी ठेवतो. माझ्या चार महिन्यांच्या नोंदी त्याने अर्धा तास वाचल्या. मी तोवर माझ्या पेट्रोलच्या आकड्यांचं समर्थन तयार करत होते. त्याने आकड्यांकडे पाहिलंच नव्हतं. तो वेळ पाहत होता.

“साडेपाच. पावनेसहा. सहा. साडेपाच.” त्याने चष्मा कपाळावर सरकवला. “ताई, गाडी हाये का काकडआरती?”

“दुपारी कोण निघतं, भाऊ?”

“तुमी नाही निघत. लग्नाच्या दिवशी निघाल्या नं?”

मग त्याने एक ओळ उघडून दाखवली. आत येणारी हवा जसजशी तापेल तसतशी ठिणगी किती मागे घ्यायची, त्याची ती ओळ. मी त्यात सगळीकडे शून्य ठेवलं होतं. पहाटेच्या हवेत ती ओळ कधी लागलीच नव्हती. माझा मॅप बरोबर होता, पण तो फक्त पहाटेचा होता. वऱ्हाडातल्या शहाण्या माणसासारखी मी ऊन टाळलं आणि इंजिनालाही कधी ते दाखवलं नाही.

“भरून द्या मग,” मी म्हटलं.

“आता नायी. दोनले निघू.”

“दोनला? मरायचं ऊन असतं.”

“म्हनून तं दोनले.”

मी तिथेच थांबले. त्याच्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली. दरम्यान त्याने फ्रिजच्या तांब्याच्या नळीचं एक टोक ठोकून चपटं केलं, त्याला भोक पाडून ते इंजिनाच्या अंगावर बोल्टने आवळलं. दुसऱ्या टोकाला लांब रबरी नळी, ती गाडीच्या आत आणली, आणि तिच्या शेवटी डॉक्टरचा जुना स्टेथोस्कोप. मी बेअरिंगचा आवाज पेचकस कानाला लावून ऐकते, त्यामुळे कल्पना लगेच कळली. पण हा माणूस ती धावत्या गाडीत, पूर्ण जोर लावून वापरणार होता.

दोन वाजता निघून पातूरच्या बाजूच्या चढावर आलो. रस्ता रिकामा. एसी बंद, कारण त्याचा आवाज नको. काचाही त्याचसाठी बंद. गाडी मी चालवत होते. तो मांडीवर लॅपटॉप, कानात नळ्या, डोळे मिटून बसला.

“दाबा.”

तिसऱ्या गिअरमध्ये दाबलं. मला नेहमीचा आवाज ऐकू येत होता, सुई वर जात होती.

“सोडा.” त्याने दोन आकडे बदलले. “दाबा.” पुन्हा. “सोडा.” आकडा बदलायच्या आधी तो इंजिनाच्या कोणत्या वेगाला नॉकिंग ऐकू आलं ते बोलून दाखवायचा आणि नोंदीत नेमका तोच वेग निघायचा. दहाबारा वेळा असं झालं. त्याच्या कानशिलावरून घाम वाहत होता. त्याने तो एकदाही पुसला नाही.

मग त्याने एक आकडा मुद्दाम परत माझा केला आणि म्हणाला, “आता तुमी आयका. मी चालवतो.”

मी नळ्या कानात घातल्या. आधी नुसता घोंगाट, जणू कुणी गिरणीतच बसवलंय. काहीच वेगळं काढता येईना. मग चढावर जोर आला आणि त्या घोंगाटाच्या आत, अगदी बारीक, टिनाच्या डब्यात कुणी तुरीचे चार दाणे टाकावेत तसं झालं. चारच दाणे. मी नळ्या काढून पाहिलं तर गाडीत तसला कसलाच आवाज नव्हता. इंजिन मजेत ओरडत होतं.

“आलं आयकू?”

“हो.”

“तेच. लग्नाच्या दिवशी ते हजार वेळा झालं असन. बाहेर आयकू येते तवा उशीर झाला असते.”

तीस वर्षं मी मोटारींचे आवाज ऐकते आहे. माझ्याच गाडीत, मी चार महिने रोज बसत होते त्या जागी, असा एक आवाज असू शकतो हे मला माहीत नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. पंचेचाळीस अंशांत.

त्याला दुकानाशी सोडून घरी निघताना मी म्हटलं, “तुमी आणखी गरम हवेचेही आकडे भरले. आज तेवढी तापली नाही.”

“घरी जाईस्तोवर तापन. दाबून पाहा. गेलं तं माया कान गेला समजा.”

म्हणजे माझं शेवटचं इंजिन त्याच्या अंदाजावर होतं. तो अंदाज त्याने कशावरून बांधला ते मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्याला सांगता आलं असतं असंही मला वाटत नाही.

बोरगाव मागे टाकेपर्यंत मी सरळ चालवलं. मग दोन भरलेल्या कंटेनरमागे पाच किलोमीटर रखडले. समोरून गरम धूर, खालून तापलेलं डांबर, इंजिनात जाणारी हवा शेजारी ठेवलेल्या माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर बाहत्तर अंश. त्या दिवशी तोवर एवढी तापली नव्हती. रस्ता मोकळा दिसला. गाडी तिथेच बाजूला घेऊन थांबण्याचा आणि संध्याकाळची वाट पाहण्याचा विचार माझ्या मनात आला, हे खरं आहे.

पाय पूर्ण दाबला.

पडद्यावर ठिणगीचा आकडा आपोआप उतरू लागला. सोळा, चौदा, अकरा. मी कशालाही हात लावला नव्हता. जी हवा त्याने पाहिलीही नव्हती तिच्यासाठी त्या माणसाने दीड तासापूर्वी तापलेल्या गाडीत बसून जागा करून ठेवली होती, आणि इंजिन एकेक पायरी तपासावी तसं त्या जागेत उतरत होतं. जोर पहाटेपेक्षा कमी होता. आवाज स्वच्छ होता. दोन्ही कंटेनर आरशात लहान झाले.

पेट्रोलचे आकडे मी अजूनही स्वतःच भरते. ठिणगीच्या तक्त्यात काही बदल करायचा असला की मी अकोल्याला जाते, दोनच्या सुमारास.