पितळेचं वरचं शिंग

ज्ञानेश्वरीने गॅलरीत सुरीचं पातं घट्ट पकडून ठेवणारा व्हाइस बसवला त्या दिवसापासून सुनयनाने तिथे कपडे वाळत घालणं सोडलं. पितळेचा कीस टॉवेलात शिरतो, असं ती सांगे. खरं म्हणजे पोरीचे हात पात्याभोवती फिरताना तिला बघवत नसे.

पोर तशी पहिल्यापासूनच लोखंडाच्या नादाची. शाळेत असताना एका सुट्टीत तिने घरातल्या विळीपासून कात्रीपर्यंत सगळ्याला धार लावून ठेवली, आणि पुढचा आठवडाभर घरात प्रत्येकाच्या बोटाला पट्टी होती. डिप्लोमा झाल्यावर रबाळ्याच्या एका कारखान्यात लागली, तिथेही ड्रॉइंगचं टेबल सोडून मशीनवर गेली. बेलापूरच्या ऑफिसात सुनयनाच्या शेजारी बसणाऱ्या बाई म्हणायच्या, "तुमची मुलगी काय करते?" सुनयना म्हणायची, "इंजिनिअरिंगमध्ये आहे." सुऱ्या करते, हे काही तिच्या तोंडून निघत नसे.

त्याला कारण सयाजीरावांचं बोट. सुनयनाचा नवरा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. लग्नानंतर वर्षभरातच गोणीची शिवण कापताना ओल्या हातातली सुरी अडकली, मूठ जागच्या जागी राहिली आणि हात पुढे पात्यावर गेला. तेव्हापासून उजव्या हाताची तर्जनी वाकत नाही. चहाचा कप धरला तरी बोट समोरच्यावर रोखलेलं. सयाजीराव हसत, "लोकांना वाटतं, दम देतोय." सुनयनाला मात्र हसू येत नसे. त्या दिवशीचं रक्ताळलेलं फडकं तिला अजून दिसे.

अशात झहूरभाई आले. ज्ञानेश्वरीसोबत काम करणाऱ्या बुशराचे वडील, मूळचे रोह्याकडचे, आता पनवेलला. त्यांनी रुमालातून एक जुनी सुरी काढून टीपॉयवर ठेवली. त्यांच्या वडिलांची शिकारीची. शिकार बंद होऊन जमाना लोटला, पण बकरी ईदला घरातल्या कुर्बानीचं कातडं हीच सुरी सोलत आली होती. पातं झिजून त्याची काडी झालेली. मूठ आणि पातं यांच्यामध्ये हात अडवायला जी आडवी पट्टी असते, तो गार्ड, कधीच गळून पडला होता. तिथे नुसती सुतळी गुंडाळलेली.

"सेम अशीच नवी पाहिजे, बेटा. ईदच्या आधी."

सुनयना सुतळीकडेच बघत राहिली. "इतकी वर्षं बिनगार्डाची वापरली?"

"हात देवाने सांभाळले, वहिनी."

"आता ज्ञानू सांभाळेल," असं म्हणून सुनयनाने तिथल्या तिथे नवीन काळजी अंगावर घेतली.

पातं झटपट झालं. गार्ड होईना. ज्ञानेश्वरीने पितळेच्या तुकड्याला दोन टोकं ठेवली, एक खाली बोटापुढे, एक वर पात्याच्या पाठीकडे. त्यांना ती शिंगं म्हणे. कानस मारून पितळ घासायची, मूठ टेपने तात्पुरती बांधून हातात धरून बघायची, सोडायची, पुन्हा कानस. वरचं शिंग तिला काढूनच टाकायचं होतं.

"काढू नको," सुनयना दारातूनच म्हणाली.

"आई, ते मध्ये येतं गं."

"मध्ये यायलाच तर आहे ना ते! मोठं कर. दोन्ही मोठी कर. उद्या त्या माणसाचा हात घसरला तर तुला झोप येईल?"

"तुला आत्ताच कुठे येतेय?"

सयाजीराव आतून म्हणाले, "आगं, कर की मोठं. आईला बरं वाटंल, तुला निवांत मिळंल."

ज्ञानेश्वरीने जाड पितळ घेऊन नवा गार्ड केला. दोन्ही शिंगं चांगली बोटभर. सुनयनाला त्या रात्री खरंच झोप लागली.

झहूरभाई ट्रायलला आले. सुरी उचलली, हवेतच सोलल्यासारखा हात फिरवला, थांबले, मूठ बदलून धरली, पुन्हा फिरवला. "छान आहे," म्हणाले आणि सुरी हळूच खाली ठेवली. चहा अर्धाच घेतला. निघताना जुनी सुरी रुमालात गुंडाळून परत नेली. "यंदा हिच्यावर भागवतो. घाई नको, बेटा."

दार लागल्यावर ज्ञानेश्वरी सुरी उलटसुलट करून बघू लागली. सुनयनाच्या डोळ्यांपुढे वेगळंच होतं. तो माणूस पुन्हा सुतळीची सुरी घेऊन बसणार. चरबीने हात बुळबुळीत, आणि पुढे काहीच नाही.

"काय बिघडलं त्यात?" शेवटी तिने विचारलं.

ज्ञानेश्वरीने स्वयंपाकघरात जाऊन लाल भोपळ्याची फोड ओट्यावर ठेवली, शेजारी सुरी ठेवली. हातात दिली नाही. सुरी हातात दिली की भांडण होतं, हा या घरातला नियम सुनयनाचाच. "हाताला तेल लाव आणि साल काढ."

सुनयनाने आजवर पोरीची एकही सुरी हातात धरली नव्हती. तेलकट हाताने तिने मूठ पकडली, साल काढायला घेतली, तसं जन्माच्या सवयीने तिचं पहिलं बोट पात्याच्या पाठीवर जायला निघालं आणि पितळेच्या शिंगावर आपटलं. तिने बोट मागे घेतलं. आता पातं डगमगू लागलं. जोर यावा म्हणून मनगट वाकडं केलं, मूठ तळहातात फिरली, आणि पातं भोपळा सोडून डाव्या अंगठ्याकडे आलं.

"अगं बाई!"

लागलं नाही. ज्ञानेश्वरीने तिचं मनगट आधीच धरलं होतं.

सुनयना ओट्याला टेकून उभी राहिली. "मी सांगितलेल्या शिंगानेच हात फिरला."

"बोटाला पाठीवर जायचंच असतं, आई. त्याला अडवलं की हात वाकडी वाट काढतो. अडवायचं फक्त खाली."

"मग वरचं काप. आत्ता काप. धर!" असं म्हणून सुनयनाने सुरी सरळ लेकीच्या हातात दिली.

दोघी थबकल्या.

"हातात दिलीस. आता भांडण," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"ते रोजच होतं. त्याला सुरी कशाला लागते?"

वरचं शिंग गेलं, तिथे पितळ पाठीशी सपाट झालं. खालचं राहिलं, पण आखूड, किंचित पुढे झुकलेलं, आतली कड बोटाला टोचू नये इतकी गोल. प्रत्येक वेळी सुनयनाने तेलकट हाताने धरून बघितलं. "अजून टोचतंय. आता नाही." घरात सलग भोपळ्याची भाजी झाली. सयाजीराव म्हणाले, "ईद त्यांची, उपास माझा."

ईदच्या आदल्या संध्याकाळी ज्ञानेश्वरी सुरी पनवेलला देऊन आली. ईदच्या दिवशी ऑफिसला सुट्टी नव्हती, पण सुनयनाचं कशातच लक्ष लागेना. मोबाइल उलटा ठेवला, सुलटा केला. दुपारी न राहवून तिनेच फोन लावला.

"झहूरभाई, मुबारक. बोटं?"

पलीकडे मोठ्याने हसणं. "दहाच्या दहा, वहिनी! हात जरा घसरला होता, पण गार्डाने थोपवला. बुशराच्या अम्मीने ज्ञानूसाठी डबा पाठवलाय."

सुनयना हलक्या अंगाने घरी आली. ज्ञानेश्वरी दारातच उभी होती, डावा हात पाठीमागे.

"सगळं नीट झालं म्हणे," सुनयना म्हणाली. मग थांबली. "हात दाखव."

"काही नाही गं."

"दाखव म्हणते ना."

अंगठ्याला जाड पट्टी होती. आदल्या दिवशी शेवटचा हात फिरवताना कानस सटकली होती. ईद पार पडेपर्यंत पोरीने लपवून ठेवलं होतं.

"एवढा गार्ड गार्ड करत बसलो..." सुनयनाचा आवाज चढला.

"आई, गार्ड सुरीला असतो. कानशीला कुठे असतो?"

सुनयनाने पट्टी सोडली, उजेडात धरून जखम बघितली, नवी पट्टी बांधली. मग गॅलरीत गेली, कानस उचलली आणि तिच्या मुठीपुढे किती जागा मोकळी आहे, ते बोट लावून बघू लागली.