आपण नुसता जातो

केतकी मराठी बोलायला लागली की जगातली प्रत्येक गोष्ट पुल्लिंगी व्हायची. भाजी, ट्रेन, खुर्ची, कोणाचीही सुटका नसे. "माझा आई खूप चांगला आहे," असं ती बिनदिक्कत म्हणायची. समोरचा माणूस हसला की स्वतःही हसायची, पण बोलायची थांबत नसे. तिचा जन्म लंडनच्या हॅरोचा, शाळाही तिथलीच. घरात आईवडील मराठीत विचारत आणि ही इंग्रजीत उत्तर देई, अशी लहानपणापासूनची रीत.

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. मी नागपूरहून शिकायला लंडनला आले होते. युनिव्हर्सिटीत पहिल्या आठवड्यात स्पोर्ट्स हॉलमध्ये सगळ्या सोसायट्यांची टेबलं मांडली होती. नाटकवाले, होडीवाले, बुद्धिबळवाले नव्या मुलांना हाका मारत होते. मी त्या गोंगाटातून बाहेर येऊन दाराशी आईला फोन लावला. फोन ठेवला तेव्हा जीन्स आणि मोठा लोकरी स्वेटर घातलेली एक मुलगी शेजारी उभी होती. माझं बोलणं संपायची ती वाट पाहत होती.

"तू मराठी आहे ना?" तिने विचारलं. "मला तुझा भाषा पाहिजे."

ती वॉलंटियरिंग सोसायटी चालवायची. आसपासच्या एकट्या, म्हाताऱ्या माणसांना दर आठवड्याला भेटायला जाणारा हा विद्यार्थ्यांचा गट होता. एजवेअरच्या एका केअर होममध्ये मालतीबाई नावाच्या एक आजी होत्या. नवऱ्याबरोबर तरुणपणी विलायतेत आलेल्या. आता त्यांची स्मृती जात चालली होती आणि त्यात आधी इंग्रजी गेलं होतं. त्या बोलायच्या ते तिथल्या नर्सेसना कळत नव्हतं आणि केतकीलाही अर्धंच कळत होतं.

गटात यायला फॉर्म नव्हता, वर्गणी नव्हती. केतकी प्रत्येक नव्या मुलाला बाजूला घेऊन एवढंच सांगायची की मधेच सोडणार असशील तर आजच जा, मी रागावणार नाही. तुला ते काही आठवडे असतात, पण ज्याच्याकडे जातोस त्याला दुसरं कोणी नसतं. तिचं ऐकून कितीतरी मुलं परत गेली. मीही जाणार होते. अभ्यास होता, दुकानातली पार्टटाइम नोकरी होती. पण एकदा आजींना बघून तर येऊ, म्हणून तिच्याबरोबर निघाले. ट्यूब रेल्वेत मी तिला म्हटलं, तू फार मोठी सेवा करतेस. तिला ते अजिबात आवडलं नाही.

"सेवा म्हणू नको. फार मोठा शब्द आहे," ती म्हणाली. "आपण नुसता जातो."

आम्ही पोहोचलो तेव्हा आजींसमोर जेवणाचं ताट तसंच होतं. कालपासून त्या घासाला तोंड उघडत नाहीत, असं नर्सने काळजीने सांगितलं. आजी पुन्हा पुन्हा एकच वाक्य पुटपुटत होत्या. मी वाकून ऐकलं. "हे जेवल्याशिवाय मी कशी जेवू?" त्यांचे यजमान जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी केतकीला इंग्रजीत अर्थ सांगितला. केतकी आजींच्या पायाशी जमिनीवर बसली.

"आजी, तो जेवला," ती म्हणाली. "आता तुमचा टर्न."

आजींनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "तो काय गं? ते म्हणावं."

"ते जेवला," केतकीने लगेच सुधारलं.

आजी हसायलाच लागल्या. हसता हसता त्यांनी चमचा हातात घेतला. त्या दिवशी मी गटात आले, असं मी समजते.

पुढचं वर्षभर आम्ही दर शनिवारी गेलो. केतकी आजींच्या हातांना क्रीम लावायची आणि आजी तिला शब्द शिकवायच्या. एका आजीसाठी माझ्यासारखी दुभाषी शोधण्याचा खटाटोप का, असं मी तिला एकदा विचारलं. तेव्हा तिने तिच्या सांगलीच्या आजीबद्दल सांगितलं. लहानपणी दर रविवारी फोन यायचा, आई रिसीव्हर हिच्या कानाला लावायची, आजी पलीकडून खूप काही विचारायची आणि ही "हो" म्हणून फोन परत द्यायची. ती आजी गेली तेव्हा ही शाळेत होती. "माझ्याकडे तिच्यासाठी फक्त एक शब्द होता," ती इंग्रजीत म्हणाली.

तिच्या आईला मात्र हे शनिवार पटत नसत. काकू हॅरोत एका केमिस्टच्या दुकानात काम करायच्या. मी घरी गेले की मला पोटभर जेवू घालायच्या आणि तक्रार करायच्या, की परक्यांच्या उशाशी बसायला हिला वेळ आहे, आईशी बोलायला नाही. केतकी ऐकून घ्यायची आणि ताटं उचलायची.

दुसऱ्या वर्षी वसंतात ती जिने चढताना दमू लागली. अंगावर काळेनिळे डाग दिसायला लागले. रक्ताचा कॅन्सर निघाला. केमो झाली, केस गेले, आजार काही दिवस मागे हटला आणि पुन्हा आला. मग कोणाचा तरी बोनमॅरो जुळायला हवा, असं डॉक्टर म्हणाले. आपल्याकडच्या लोकांची बोनमॅरो देणाऱ्यांच्या नोंदणीत फार कमी नावं होती. गटातल्या मुलांनी हॅरोत एक हॉल मिळवला. मराठी, गुजराती, तमिळ, जो येईल त्याचं रक्त तपासायला घेतलं. लोक रांगा लावून आले. त्यातल्या कोणाचंच तिच्याशी जुळलं नाही.

गटातली मुलं हॉस्पिटलमध्ये पाळीपाळीने जायची म्हणत होती. तिने नकार दिला. मला कोणाचा शनिवार व्हायचं नाही, म्हणाली. एकट्या मला तेवढं ती येऊ देई. मी गेले की आधी आजींची खबर घेई, मग डोळे मिटून म्हणे, "तू मराठीत बोल. काहीपण. मी करेक्ट नाही करणार." मग मी काहीबाही सांगत बसे. नागपूरची उन्हं, आमची गल्ली, बहिणीचं लग्न. काकू खिडकीशी बसून ऐकत असत. एका दुपारी मी बोलायची थांबले, तेव्हा केतकी डोळे न उघडता आईला म्हणाली, "आई, आता तू बोल."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या उठून पलंगाशी आल्या आणि केतकीच्या जन्माच्या दिवसाबद्दल सांगू लागल्या. मी बाहेर निघून गेले.

डिसेंबरात ती गेली. क्रिमेटोरियममध्ये गटातली सगळी मुलं आली होती. मी त्यानंतरही एजवेअरला जात राहिले. आजींनी तिची चौकशी केली नाही. त्यांचं विसरणं तोवर फार पुढे गेलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी केअर होमच्या दाराशी काकू उभ्या दिसल्या. अंगात केतकीचा तोच लोकरी स्वेटर होता.

"मी विद्यार्थी नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्यात घ्याल का मला?"

मी त्यांना आत नेलं. आजी खिडकीजवळ बसल्या होत्या. त्यांनी काकूंना नीट न्याहाळलं आणि विचारलं, "कोण गं तू?"

"मी केतकीची आई."

"कोण केतकी?"

मी मधे बोलणार होते. पण काकूंनी खुर्ची आजींच्या जवळ ओढली, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "सांगते."