दगड नसलेल्या मुलखात

ताईला घेऊन ये, असं आईनं फर्मावलं आणि मी लखनौला निघाले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजात होते. ताईच्या लग्नाला वर्ष झालेलं, भाऊजी तिकडं मृदसंधारणाच्या सरकारी नोकरीत. ताईची पत्रं मात्र आताशा दोन ओळींवर आलेली. थोडे महिने माहेरी राहू दे, मग बघू, असा आईचा बेत. यवतमाळहून एसटीनं नागपूर, पुढं रेल्वे. थंडीत जाणार असाल तर स्वेटर हाताशी ठेवा, आणि धुक्यात गाडी रखडणार हे धरूनच चाला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. खिडकीबाहेर नुसतं पांढरं, मध्येच एखादं झाड तरंगत यायचं आणि विरून जायचं.

ताई राहायची ते इंदिरा नगर तेव्हा नवं होतं, घरं थोडी आणि मोहरीची शेतं जास्त. ताईनं दार उघडलं, गळ्यात पडली आणि परतीचं तिकीट दोघींचं काढलंस ना, एवढंच विचारलं. भाऊजींनी ते ऐकलं. सकाळी सायकल हाणत पार जुन्या शहरातल्या चौकापर्यंत जाऊन माझ्यासाठी मक्खन मलाई, म्हणजे दुधाचा गोड फेस, घेऊन आले. ही फक्त थंडीत मिळते, तीही सकाळीच. जिभेवर ठेवली की गायब! काय खाल्लं ते आठवत बसायचं.

रविवारी भाऊजी आम्हाला बख्शी का तालाब या गावाच्या पुढं त्यांचं काम दाखवायला घेऊन गेले. बस खचाखच, पुढं इक्का, म्हणजे एका घोड्याची गाडी. कुल्हडमधला चहा मात्र झकास, आणि पेरू तर विचारूच नका. इक्क्यात ताईनं त्यांची फजिती सांगितली. नाल्यानं शेतं कुरतडू नयेत म्हणून साहेबांनी पहिल्याच आराखड्यात दगडी बांध घातले, अगदी आपल्या यवतमाळसारखे. अख्खं ऑफिस हसलं, कारण त्या मुलखात दगडच नाही. कुत्र्याला मारायलासुद्धा सापडत नाही, असं ती म्हणाली तेव्हा भाऊजीही हसले. कितीतरी दिवसांनी ती हसत होती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

शेताच्या कडेला मातीचाच बांध होता, त्यावर माती धरून ठेवायला लावलेलं उंच सरपत गवत. ऊन नुकतं धुक्यातून झिरपत होतं. मी चपला काढल्या. पायाखाली खडा म्हणून नाही, पिठासारखी मऊ माती. चालतेय की झोपेत आहे, कळेना.

भाऊजींनी मूठभर माती ताईच्या हातावर ठेवली. आपली काळी माती खालच्याच खडकाची झीज होऊन बनलेली, बहुतेक घरच्या घरी, ते सांगू लागले. ही तशी नाही. हिमालयातला खडक थंडीनं तडकतो, पाण्यानं ठिसूळ होतो, नद्या त्याला घासत घासत इथवर आणतात.

"इथली सगळी माती माहेर सोडून आलेली आहे बघ," ते म्हणाले. "आणि पिकतं किती!"

मला ते फार आवडलं. ताईला नाही.

"मातीला कोणी विचारत नाही, अहो," ती म्हणाली. "नदी आणते, ती येते. मला तरी कुठं विचारलंत?"

मला वाटलं, आता वाद होणार. पण भाऊजी हळूच म्हणाले, "खरंय. आता विचारतो. राहशील इथं? नको असेल तर मी बदली मागतो."

ताईनं मूठ सैल केली, माती बोटांमधून गळू दिली.

"थोडे दिवस राहून बघते," ती म्हणाली. "पण रविवारी मला इथं आणायचं."

परतीच्या प्रवासात शेजारची, ताईसाठी काढलेली जागा कोणा बाईनं टोपलीसकट बळकावली आणि मी नागपूरपर्यंत डुलक्या काढल्या. लखनौचं म्हणाल तर इमामबाडा, चिकनचं भरतकाम सगळं पाहिलं, आवडलंही. डोळे मिटले की अजून दिसतो तो मात्र धुक्यातला बांध आणि ताईच्या बोटांमधून गळणारी माती.

घरी आई दारातच उभी होती. माझ्या मागं रस्त्याकडं बघत राहिली. मी सगळं सांगितलं, भाऊजींनी विचारलं आणि ताई आपणहून राहिली, हेही. आता आई चिडणार, अशी माझी खात्री होती.

आईनं आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. "बरं केलं त्यानं," ती पाठमोरीच म्हणाली. "मला अजून कोणी विचारलेलं नाही."