भिंगरीचे हात

कारखान्यातल्या बायका तिला भिंगरी म्हणत. शर्टाला कॉलर जोडायचं तिचं काम. दिवसाला साडेतीनशे शर्ट झाले की घरी जायची मुभा होती, पण ही मुभा नावालाच. सहाची घंटा होईपर्यंत सगळ्यांच्या माना मोडून यायच्या आणि तेव्हा कुठे आकडा पुरा व्हायचा.

भिंगरीची मुलगी पाचला शाळेतून यायची आणि कुलूपबंद दारासमोर जिन्यात बसून राहायची. ते एकटं बसणं भिंगरीच्या जिवाला लागून राहिलं होतं. शेवटी बाई हट्टाला पेटली. आठवड्याला एकच सवय लावायची, जास्त हाव नाही. पहिल्या आठवड्यात कात्री डावीकडे ठेवायची. दुसऱ्यात, एक कॉलर सुईखाली असतानाच पुढची हाताशी ओढायची. तिसऱ्यात, बसण्याआधीच कॉलरींच्या गठ्ठ्याची गाठ सोडून ठेवायची. हात विसरले की स्वतःलाच दटावायचं.

शेजारच्या मशीनवरच्या मावशीचीही गाठ तीच सोडायची, कारण मावशीची बोटं आताशा धड वाकत नव्हती. मावशी नात्यातली नव्हे. पण भिंगरी नवखी असताना तिचे उरलेले गठ्ठे गुपचूप आपल्या मशीनवर संपवून मावशीनेच तिची नोकरी टिकवली होती. हे उपकार भिंगरी विसरली नव्हती.

आठ महिन्यांत भिंगरी साडेचारलाच आकडा पुरा करून मशीनवरून उठायला लागली. मुलगी यायची तेव्हा दार उघडं असायचं. एवढंच तर हवं होतं तिला.

आणि मग बातमी आली की गुरुवारी मोजणीसाहेब येणार. एका बाईमागे घड्याळ लावून उभे राहणार, दहा कॉलरी मोजणार आणि त्यावरून सगळ्यांचा आकडा नव्याने ठरणार. जेवणाच्या सुट्टीत बायकांचे चेहरे उतरले. मावशीला आहे तो आकडाच कसाबसा जमत होता.

"त्या दिवशी सगळ्यांनी गोगलगाय व्हायचं," मावशी म्हणाली. "भिंगरे, जमेल ना तुला?"

"हळू चालायला काय शिकावं लागतं, मावशी?"

सगळ्या खदखदून हसल्या.

साहेब नेमके भिंगरीच्याच मागे येऊन उभे राहिले. तिने कात्री मुद्दाम खणात टाकली होती. पहिल्या चार कॉलरी तिने रडतखडत जोडल्या. साहेबांनी जांभई दिली. तेवढ्यात तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. चार वाजले होते. आज पोर जिन्यात बसणार, एवढंच तिच्या मनात आलं आणि मन तिथेच अडकलं. भानावर आली तेव्हा कात्री डावीकडे होती आणि दहावा शर्ट टोपलीत पडला होता.

"पहिले चार धरायचे नाहीत," साहेब लिहिता लिहिता म्हणाले. "हात बसायला वेळ लागतोच. एका कॉलरीला पासष्ट सेकंद."

"साहेब, परत मोजा ना. चुकून झालं हो."

"चुकून हळू होतं, बाई. चुकून पटापट होत नाही."

नवा आकडा लागला, चारशे तीस. मावशीने पंधरा दिवस जिवाचं रान केलं. तीनशे साठच्या पुढे काही ती सरकली नाही. शनिवारी तिला सांगण्यात आलं की आता येऊ नका. तिने स्टुलावरची आपली उशी उचलली, झटकली आणि पिशवीत घातली.

भिंगरीला रडू आवरेना. "मावशी, मी मुद्दाम नाही केलं गं."

"माहीत आहे. बघत होते ना मी तुझे हात." मावशीने पिशवी खांद्याला लावली. "छान चालत होते."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भिंगरीला वाटलं.

आता चारशे तीस होईस्तोवर सहाची घंटाच होते. मुलगी पुन्हा जिन्यात बसते. मांडीवर वही घेऊन अभ्यास करते.

सोमवारी सकाळी भिंगरी मशीनवर बसली आणि तिने सहज शेजारी पाहिलं. नवी बाई अजून यायची होती, पण तिच्यासाठी गठ्ठा येऊन पडला होता. त्याची गाठ सुटलेली होती. आपण ती कधी सोडली, भिंगरीला आठवेना.

तिने उठून ती घट्ट बांधली. मंगळवारी सकाळी शेजारच्या गठ्ठ्याची गाठ पुन्हा सुटलेली होती.