ओट्याला जुळणारी टाइल

ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, कपाटं पांढरी. त्यांना शोभेल अशी फरशी निवडता निवडता माझं डोकं उठलं होतं. शेवटी दुकानातून एक काळीभोर टाइल नमुना म्हणून आणली आणि ओट्यासमोर जमिनीवर ठेवून पाहिली. अगदी जुळली! स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेल्या आईला कौतुकानं हाक मारली. ती दारातच थबकली.

"घरात खड्डा काहून खोदला वं?"

थट्टा समजून मी हसले. पण तिनं चौकट घट्ट धरली होती. "मागं सरक, पडशीन!" ती किंचाळली.

मी घाईघाईनं टाइल उलटी केली. मागची बाजू पांढरट होती. आईनं पुढे येऊन पायानं चाचपून पाहिलं.

"बुजवला तं बरं केलं," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "आत कोणी राह्यलं तं नाही ना वं?"