कौमुदीकाकूंचा अवघड तास

उत्तरेकडच्या एका हिंदीभाषक शहरात, शास्त्री नगरात राहणाऱ्या डॉक्टर कौमुदीकाकू औषध उत्तम देतात, पण त्यांच्या पोटात काही राहत नाही. कुणाची बदली, कुणाचं मोडलेलं लग्न, सगळं दुपारच्या आत इमारतभर. अशा बाईंना एका कॉलेजने मुलांसाठी लैंगिक आरोग्याचे ऑनलाइन तास दिले. आवाज असा खणखणीत, की ‘कंडोम’ म्हटलं की खाली भाजीवाले भैया मान वर करून बघत.

तासाला प्रश्न निनावी येत, पण सगळ्यांना दिसत. परवा हिंदी प्रश्नांमध्ये एकदम हिंदी वळणाचा मराठी प्रश्न आला : “लघवी करताना जळजळ होतो. एकदा बिना कंडोम संबंध आला होता. मतलब, आपोआप बरा होणार ना?”

मित्रांना कळू नये म्हणून मराठी. पण त्या वर्गात मराठी मुलगा एकच, वरच्या मजल्यावरचा निहार. आणि त्याची आई, स्वप्नाली, काकूंच्याच बाहेरच्या खोलीत मटार सोलत बसलेली.

काकूंनी सगळ्यांनाच हिंदीत सांगितलं, की मनाने गोळ्या घेऊ नका, तपासून घ्या, जोडीदारालाही तपासायला सांगा, उपचाराने हे बरं होतं.

लगेच दुसरा प्रश्न. “ओळखीचा डॉक्टर घरी सांगतो का?”

‘कधीच नाही,’ काकूंनी टाइप केलं. पोराचा विश्वास बसणार कसा? काकूंची कीर्ती त्याच्याही कानावर होतीच. तपासायला आला नाही, तर दुखणं अंगावर काढणार.

तास संपल्यावर स्वप्नालीने विचारलं, आज काय काय विचारलं मुलांनी? एरवी काकू रंगवून सांगायच्या. आज गप्प.

स्वप्नालीचे हात थांबले. “ताई, तुम्ही आणि गप्प? आमच्या निहारचं काही आहे का?”

गप्प राहणं म्हणजेच सांगणं होतं. काकूंनी जवळ होतं ते घरचंच गुपित पुढे केलं.

“अगं, आमच्या ह्यांना मूळव्याध झालीय. कुणाला बोलू नकोस.”

मग विमा कंपनीतल्या त्यांच्या खुर्चीवरची उशी, राजा पार्कच्या खड्ड्यांतून स्कूटरवर उभ्याने केलेला प्रवास, सगळं साग्रसंगीत झालं. स्वप्नाली डोळे पुसत हसत वर गेली. वरून निहारला सगळं सांगतानाचा तिचा आवाज आला, काकूंच्या नवऱ्याचं, मनोहरकाकांचं नावही ऐकू आलं. काकू फोनकडे बघत बसल्या.

बऱ्याच वेळाने निहारच्या नंबरवरून मेसेज आला. “काकू, आईला माझं काहीच नाही सांगितलं तुम्ही. उद्या किती वाजता येऊ?”

काकूंनी वेळ कळवली. संध्याकाळी घरी परतणाऱ्या मनोहररावांना मात्र जिन्यातच दोघा शेजाऱ्यांनी इसबगोल सुचवलं.